तिसरा शनिवार

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाच्या आयुष्यात शनिवार दोन जातींचे असतात. दुसरा आणि चौथा हे सुटीचे. पहिला, तिसरा आणि चुकूनमाकून उगवलाच तर पाचवा, हे कामाचे. २०१५ सालच्या सप्टेंबरपासून ही व्यवस्था लागू झाली आणि तेव्हापासून आम्ही बारशी, साखरपुडे, फार काय, पाहुण्यांना भेटायला जाण्याजोगे त्यांचे आजारसुद्धा शनिवारचा नंबर पाहून ठरवतो. परंतु परदेशी गवयांना हे कोणी कळवलेले दिसत नाही. 'गन्स अँड रोझेस' नावाच्या अमेरिकन रॉक मंडळींनी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गायला दिवस निवडला तो १७ मे २०२५. म्हणजे तिसरा शनिवार.

तेव्हा प्रश्न रजेचा आला. रजेच्या अर्जात 'कारण' असा एक रकाना असतो. बावीस वर्षांच्या नोकरीत मी तिथे ताप, लग्न, वर्षश्राद्ध, घराचे रंगकाम आणि एकदा प्रामाणिकपणे 'कंटाळा' असे लिहून पाहिले आहे. (कंटाळा नामंजूर झाला.) या वेळी 'रॉक संगीत ऐकणे' असे लिहावे, तर अर्ज मंजुरीऐवजी डॉक्टरकडे गेला असता. म्हणून 'कौटुंबिक' असे लिहिले. साहेबांनी चष्म्यावरून पाहिले.

"कौटुंबिक म्हणजे काय?"

"मुलीला मुंबई दाखवायचीय, साहेब."

"मग चौथ्या शनिवारी दाखवा की. मुंबई काय पळून चाललीय?"

मुंबई पळून चालली नव्हती. गवई त्रेसष्ट वर्षांचा झाला होता, ही अडचण होती.

आता डोक्यावर विरळ आणि कमरेला घट्ट अशा साताऱ्याच्या कारकुनाचा आणि या मंडळींचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध कॅसेटचा. १९९१ साली यांच्या 'यूज युअर इल्यूजन'चे दोन भाग एकाच दिवशी निघाले. आमच्या गल्लीपर्यंत ते पोचायला दोन-तीन वर्षे लागली, तेही एका मित्राच्या मुंबईच्या मामांनी भरून दिलेल्या कॅसेटमधून. मामा काटकसरी होते. त्यांनी रिकामी उरलेली जागा वाया जाऊ नये म्हणून पुढे अभंग भरले होते. त्यामुळे 'नोव्हेंबर रेन' हे गाणे संपले की माझ्या कानात आजही आपोआप टाळ वाजू लागतात.

त्या गाण्याने वेड लावले आणि मी वडिलांकडे गिटार मागितली. "आधी बी. कॉम. हो, मग गिटार घे," वडील म्हणाले. मी बी. कॉम. झालो. पुढचे आपण जाणताच.

इकडे आमच्या कन्येचा बारावीचा निकाल ५ मे रोजी लागला होता. तिने शाळेत असतानाच चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही परीक्षा दिल्या, दोन्हींत ए ग्रेड मिळवली, आणि मी त्या प्रशस्तिपत्रकांना प्लॅस्टिकचे आवरण घालून माळ्यावर सुरक्षित ठेवले. माझ्या मते तो विषय तिथे संपला होता. तिच्या मते तिथून सुरू झाला होता. तिला जे. जे. स्कूल ऑफ आर्टला जायचे होते. मला तिने बी. कॉम. होऊन बँकेची परीक्षा द्यायला हवी होती. घरात मे महिन्याच्या उकाड्यात आणखी एका उकाड्याची भर पडली होती. अशा वेळी मी रॉकच्या तिकिटाचा विषय काढला, तेव्हा तिने वाटाघाटीची संधी अचूक साधली.

"शनिवारची संध्याकाळ तुमची, बाबा. बाकी सगळा वेळ माझा. चित्रं बघायची. आणि बघताना 'याचा अर्थ काय' असं विचारायचं नाही."

मी एका रद्द व्हाउचरच्या पाठीवर कार्यक्रम आखला. शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस. शनिवारी सकाळी जे. जे., मग जहांगीर, संध्याकाळी रेसकोर्स, मुक्काम दादरला मावसभावाकडे, रविवारी म्युझियम आणि रात्री परत महालक्ष्मी. महालक्ष्मीने जायचे, महालक्ष्मीला उतरायचे नाही, पण संध्याकाळी महालक्ष्मीलाच जायचे, हे सौभाग्यवतींना तीनदा समजावून सांगितले. त्यांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि "अहो, कानात कापूस घाला आणि पुढं पुढं करू नका," एवढेच म्हणाल्या. तिकिटाचा आकडा मी त्यांना सांगितला नव्हता. इथेही छापत नाही, कारण हा लेख घरीही वाचला जाईल.

तर आता मूळ विषय. मी चित्रांचा किंवा संगीताचा जाणकार नाही. पण तपासणीच्या वेळी दुसऱ्याच्या वह्या पाहण्याची आम्हाला सवय असते, आणि समीक्षा म्हणजे तरी दुसरे काय? त्या दोन दिवसांत चित्रकला आणि रॉक या दोन खात्यांची मी जी तपासणी केली तिचा हा अहवाल आहे.

सकाळी गाडीतून उतरलो तो हाकेच्या अंतरावर जे. जे. १८५७ सालची संस्था. आवारात जुनी झाडे आणि एक जुना बंगला. रुडयार्ड किपलिंग १८६५ साली याच आवारात जन्मला, कारण त्याचे वडील इथे शिकवत होते. मास्तरांच्या मुलाने लेखक व्हावे याबद्दल त्या वडिलांचे काय मत होते कोण जाणे. कन्या फाटकाशी उभी राहून नुसती आत बघत होती. शिर्डीच्या रांगेत दर्शन जवळ आले की माणसे अशी बघतात. तिथून रंगभवन चालत दहा मिनिटांवर. १९८६ साली सुरू झालेल्या 'इंडिपेंडन्स रॉक'चे जलसे तिथे उघड्यावर होत. मुंबईच्या रॉकवेड्यांचे ते पंढरपूरच. पुढे तो भाग शांतता क्षेत्रात आला आणि जलसे थांबले. शांतता क्षेत्रात रॉक म्हणजे उपवासाच्या दिवशी मटणाची खानावळ, बंद होणारच. परंतु मनात आले की विद्यार्थिदशेत मी या गावात असतो, तर चित्रे आणि गिटार ही दोन्ही व्यसने एकाच रस्त्यावर लागली असती. वडिलांनी मला साताऱ्यात शिकवले त्यात दूरदृष्टी होती.

काळा घोडा इथे आता पुन्हा घोडा आहे. मूळचा घोडा एडवर्ड राजासकट १९६५ साली हलवला, तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. २०१७ साली नवा घोडा आला, पण पाठीवर कोणी नाही. साहेब बदलीवर गेले आणि खुर्ची तेवढी राहिली, असे ते दृश्य आहे. समोर जहांगीर आर्ट गॅलरी, १९५२ सालची. इथे पूर्वी 'समोवार' नावाचे उपाहारगृह होते; ते २०१५ साली बंद झाले. चित्रे न कळणाऱ्यांची त्यामुळे फार गैरसोय झाली आहे.

गॅलरीत प्रवेश फुकट. बँकवाल्याच्या मनात फुकट गोष्टीविषयी संशय असतो. आत तिशीच्या एका चित्रकाराचे प्रदर्शन होते. भिंतीवर वीस-बावीस कॅनव्हास. एकावर राखाडी, एकावर जास्त राखाडी, एकावर राखाडीत बुडत चाललेला किंवा राखाडीतून वर येणारा एक तांबूस पट्टा. खाली चिठ्ठी: 'शीर्षक नाही - ७'. मी साडेतीन मिनिटांत सगळे हॉल उरकून दाराशी आलो. कन्या दुसऱ्याच चित्रापाशी होती.

"झालं?" मी विचारले.

"तुमचं झालं?"

"अगं, पण शीर्षकच नाही. तपशिलाचा रकाना कोरा असला तर आमच्याकडं व्हाउचर पाससुद्धा होत नाही. माणसानं समजायचं काय? याचा अर्थ..." इथे मला करार आठवला.

कन्या शांतपणे म्हणाली, "बाबा, ते तुमचं 'नोव्हेंबर रेन'. त्यात तो टोपीवाला मधे मधे नुसती गिटार वाजवतो. शब्द नाहीत. त्याचा अर्थ काय?"

मी थांबलो. तीस वर्षे मी त्या गिटारीच्या ताना ऐकतो आहे. त्यांना सोलो म्हणतात. त्यांचा अर्थ काय, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. आपल्याकडे गवई अर्धा-पाऊण तास 'आ' लावून बसतो. कोणी उठून 'बुवा, 'आ' म्हणजे नक्की काय?' असे विचारत नाही. कानाला जी सवलत आपण खुशाल देतो, ती डोळ्याला द्यायला का कू करतो? कानाने ऐकताना आपण रसिक असतो आणि डोळ्याने पाहताना एकदम ऑडिटर होतो.

"ते गाणं किती मिनिटांचं आहे?" कन्येने विचारले.

"तीन सेकंद कमी नऊ."

"मग या सात नंबरसमोर नऊ मिनिटं उभे राहा. मी घड्याळ लावते."

वाचकहो, बँकेच्या काउंटरपलीकडे नऊ मिनिटे उभे राहणारा माणूस मी रोज पाहतो, आणि त्याचे हाल मला त्या दिवशी प्रथम कळले. पहिल्या मिनिटाला राखाडी रंग दिसला. दुसऱ्या मिनिटाला चौकटीवर बसलेली माशी दिसली. तिसऱ्या मिनिटाला गृहकर्जाचा हप्ता आठवला. चौथ्या मिनिटाला माशी उडाली आणि दुसरे काही बघायला उरले नाही, तेव्हा नाइलाजाने चित्र बघितले. राखाडी एक नव्हता. खाली ओल्या शिळेसारखा, वर चुलीतल्या राखेसारखा, आणि डाव्या कोपऱ्यात निळसर. रंगाचे थर एकावर एक चढवून पुन्हा खरवडलेले होते. सहाव्या-सातव्या मिनिटाला तो तांबूस पट्टा हलल्यासारखा वाटला. मला एकदम पावसाळ्यातला यवतेश्वरचा घाट आठवला, संध्याकाळी धुके उतरताना समोरून येणाऱ्या एस.टी.चा दिवा दिसतो तो. तो चित्राचा अर्थ होता असे माझे म्हणणे नाही. मी फक्त झालेली नोंद सांगतो आहे. "झाली नऊ," असे कन्या म्हणाली तेव्हा, "थांब जरा," असे मी म्हणालो.

एवढा वेळ एका चित्रासमोर उभा राहणारा माणूस गिऱ्हाईकच असणार, अशा समजुतीने चित्रकार खुर्चीवरून उठून आला. मी घाईघाईने माझा हुद्दा सांगितला. तो खरोखर भला माणूस होता. तरीही तो बोलत राहिला. मी पालकाच्या अधिकाराने मुद्द्याचा प्रश्न विचारला. "आतापर्यंत किती गेली?"

"एक," तो म्हणाला. "मामांनी घेतलं."

मी कन्येकडे विजयी मुद्रेने पाहिले. ती चित्रकाराला विचारत होती, की खरवडायला सुरी वापरता का पत्रा. दोघांचे त्यावर बराच वेळ बोलणे झाले, आणि माझा हुकमाचा पत्ता कोणी उचललाच नाही.

बाहेर आल्यावर मीच उदारपणा दाखवला. "तसं या धंद्यात अगदीच काही नाही असं नाही. हुसेनचं ते 'ग्रामयात्रा' मार्च महिन्यात न्यूयॉर्कला विकलं गेलं. एकशे अठरा कोटींच्या आसपास!"

"ते १९५४ सालचं चित्र आहे, बाबा. आणि हुसेन २०११ साली गेले. त्यातला रुपयासुद्धा त्यांना मिळाला नाही. गायतोंडेंचं चित्र २०२१ साली चाळीस कोटींना गेलं, ते २००१ सालीच वारले होते."

म्हणजे माझ्याकडे तिच्या बाजूने असलेला एकुलता एक मुद्दा तिनेच खोडून काढला. खातेदार गेल्यावर जमा होणारे हे व्याज. हे ठाऊक असूनही ही मुलगी त्या खात्यात आयुष्य ठेवायला निघाली होती. वेडेपणा म्हणावे, तर हिशेब तिला माझ्यापेक्षा पक्का येत होता.

संध्याकाळी रेसकोर्स. सगळीकडे काळे बनियन, ज्याला आता टी-शर्ट म्हणतात. पाहावे तिकडे माझ्याच वयाचे पुरुष. अर्ध्यांच्या गुडघ्यांना पट्टे. एरवी ज्या रांगेत आम्ही मधुमेहाच्या तपासणीसाठी उपाशीपोटी उभे असतो, तीच रांग इथे उत्साहाने उभी होती. मैदान एवढे विशाल, की रंगमंचावरची माणसे करंगळीच्या नखाएवढी दिसत. बाकी सगळे मोठ्या पडद्यावर. म्हणजे घसघशीत पैसे मोजून आम्ही तीन तास उभ्याने टीव्ही पाहिला. पुढच्यांनी तो टीव्ही आपापल्या मोबाइलमध्ये भरला, त्यामुळे मागच्यांनी मोबाइलमधला टीव्ही पाहिला. सकाळी फुकट चित्र दीड हातावर होते आणि बघायला कोणी नव्हते.

आवाजाविषयी. रॉकचा ठेका कानात नंतर शिरतो, आधी छातीत शिरतो. विसर्जनाला ढोल-ताशा पथकासमोर उभे राहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. तेव्हा 'हा गोंगाट आहे' हा आक्षेप निदान आम्हा लोकांच्या तोंडी शोभत नाही.

गायनाविषयी मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे. ॲक्सल रोझ यांचा जन्म १९६२ सालचा. आमच्या बँकेत साठीला नारळ देतात. हे गृहस्थ त्रेसष्टाव्या वर्षी रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होते, याबद्दल आदर आहे. पण वरच्या पट्टीत आवाज आता चिमटा काढल्यासारखा बारीक येतो, आणि ऐन जागी ते ओळ श्रोत्यांवर सोडून देतात. श्रोते ती आनंदाने उचलतात. माझे आजोबा सांगत, उतारवयातल्या बालगंधर्वांना ऐकायला लोक जात तेव्हा समोरचा आवाज कमी आणि आठवणीतला जास्त ऐकत. आम्हीही तेच केले. समोरचा माणूस गात होता आणि ऐकू येत होती ती मामांनी भरलेली कॅसेट. तक्रार नाही, पण ती गाण्याला दिलेली दाद नव्हती, आपल्याच सोळाव्या वर्षाला दिलेली होती, हे नोंदवून ठेवतो.

गिटारीचे तसे नाही. स्लॅश साठीला टेकला आहे, पण गळ्याला वय असते, लाकडाला आणि तारेला नसते. 'नोव्हेंबर रेन' सुरू झाले. रोझ पियानोवर बसले, मैदानभर मोबाइलचे दिवे लागले, आणि तो टोपीवाला पुढे येऊन वाजवू लागला. शब्द नव्हते. इतकी वर्षे मी त्या सोलोत वाट पाहणारी कोणी मुलगी, पाऊस असले काहीबाही पाहत आलो. त्या दिवशी मला राखाडी दिसला. खाली ओल्या शिळेसारखा, वर राखेसारखा, आणि त्यातून वर येणारा तांबूस पट्टा. सकाळी चित्राने घाट दाखवला, रात्री गिटारीने चित्र दाखवले. तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही आणि तिन्ही माझ्याच खात्यावर निघाले. कलेचा उपयोग काय, याचे याहून पक्के उत्तर मला देता येणार नाही, आणि एवढेसुद्धा उत्तर हाती यायला आधी नऊ मिनिटे गप्प उभे राहावे लागते.

मी डोळे पुसले. (धूळ फार होती.) कन्या मैदानाकडे पाठ करून काहीतरी करत होती. मी पाहिले, तर माझे ते नियोजनाचे व्हाउचर तळहातावर धरून ती बॉलपेनने चित्र काढत होती. स्टेजचे नव्हे, आमच्या रांगेचे. वर केलेल्या माना, उघडी तोंडे, गुडघ्याचे पट्टे. त्यांत एक टक्कल ओळखीचे होते.

गाणे संपले आणि सवयीप्रमाणे माझ्या कानात टाळ वाजू लागले.

रविवारी म्युझियममध्ये लघुचित्रे पाहिली. आदल्या रात्री पन्नास फुटी पडदा आणि आज वीतभर कागद. त्यात झाड, झाडावर पोपट, पोपटाच्या चोचीत फळ, आणि हे सगळे मोहरीएवढे. मी प्रत्येक चित्राला नियमाने वेळ दिला. पाय दुखले. "आता चला," असे कन्येला तीनदा म्हणावे लागले नाही. तिने मला दोनदा म्हटले.

रात्री गाडीत मी हिशेब मांडायला बसलो. तीन तासांच्या आठवणींसाठी मी जेवढे पैसे मोजले, त्यासाठी कोणी मला कारण विचारले नव्हते. मीही स्वतःला विचारले नव्हते. आणि पोरगी चार वर्षे मागत होती तर मी तिच्याकडे तपशील मागत होतो, शीर्षक मागत होतो, अर्थ मागत होतो. वडिलांनी माझ्याकडे मागितला होता तोच. ते चुकले असे मी म्हणत नाही. त्यांच्या बी. कॉम.च्या जोरावरच मी तिकीट काढू शकलो. फक्त गिटारीच्या त्या नोंदीपुढे तीस वर्षे 'येणे बाकी' असे लिहिलेले आहे, आणि तशी नोंद दुसऱ्या वहीत करण्याची माझी हिंमत होईना.

सोमवारी साहेबांनी विचारले, "काय, दाखवली का मुंबई?"

"दाखवली," मी म्हणालो. कोणी कोणाला, ते सांगितले नाही.

प्रवेश मिळणार की नाही हे सीईटीचे मार्क ठरवतील. पण कागदांत पालकाच्या सहीची एक जागा होती. मी सही केली. कारणाचा रकाना त्या फॉर्मात कुठेही नव्हता. दोनदा उलटून पाहिला.